फुफ्फुसातलं दुःख

९ सप्टेंबर, सोमवार

उर्वीने ही वही दिली. म्हणाली, आई, तू फोनवर माझं डोकं खातेस ते यात लिही. बरं. लिहिते. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा कुणी चुका काढायला बसू नये.

शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये गणपती बसला. आरतीला दर वर्षी यांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. लोक मागून म्हणतात, पुरुषोत्तमराव, चढवा. या वर्षी हे तोंडाला रुमाल लावून दारापाशी, बुटांच्या ढिगाजवळ उभे. मी डोळे वटारले तर बाहेर पार्किंगमध्येच निघून गेले. गाडीत विचारलं, काय हो, देवाशी भांडण झालंय का? तर म्हणे, खोकला येतो, लोकांना कशाला त्रास. आवाजही बसलेला. उन्हाळाभर हेच चाललंय. जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी डॉक्टरकडे, जा म्हटलं की "गेलो होतो, काही नाही म्हणाले". मग काही नाही तर खोकता कशाला?

मी इथे स्लाऊला फार्नहॅम रोडवर लिऊबाईंच्या दवाखान्यात सफाई करते. त्या चिनी औषधं देतात, सुया टोचतात. आत आलं की मुळ्या-सालींचा वास येतो, आमच्या विट्याच्या काष्ठौषधीच्या दुकानासारखा. भिंतीवर कातडी काढलेल्या माणसाचं मोठं चित्र आहे, आतलं सगळं दिसतं. आज त्याच्याखाली पुसत होते. त्यांचं इंग्रजी मोडकं नि माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. सांगितलं, नवऱ्याचा खोकला जात नाही. त्यांनी विचारलं, घरात कुणी गेलं का? म्हटलं, हो, दीड वर्षापूर्वी यांचे मोठे भाऊ. तर त्यांनी चित्रातल्या छातीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, राग लिव्हरमध्ये राहतो, भीती किडनीत आणि दुःख इथे, फुफ्फुसात. आणि आता पानं गळायचे दिवस, हा फुफ्फुसाचाच ऋतू.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

अर्जुनभाऊजी विट्याला यंत्रमागावर होते. मागाची धूळ छातीत गेली, असं सगळे म्हणायचे. शेवटी शेवटी हे सहा आठवडे तिथे राहून आले, त्यांच्याच खोलीत गादी टाकून झोपायचे. हे परत आले आणि महिन्याभरात भाऊजी गेले. अंत्यविधी यांनी फोनवर बघितला. डोळ्यांत टिपूस नाही. फोन ठेवला आणि कामावर गेले, वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला. तेच ते. न रडलेलं रडू आत बसलंय.

११ सप्टेंबर, बुधवार

आज लिऊबाईंना गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा नीट विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, हृदय हा राजा आणि फुफ्फुस त्याचा प्रधान. प्रधान सगळ्या अवयवांच्या वर बसतो, छत्री धरल्यासारखा, आणि तिथून श्वास खाली पाठवतो, सगळ्या राज्याला वाटून देतो. कातडीपर्यंत, अंगावरच्या लवेपर्यंत. नाक त्याचा दरवाजा. आवाज त्याचा. दुःख झालं की प्रधान काम सोडून बसतो. मग श्वास खाली जायचा तो उलटा वर येतो. तोच खोकला.

मी म्हटलं, आमच्या घरात प्रधान मीच आहे, आणि मी एक दिवस बसले तर चूल पेटणार नाही. त्या खूप हसल्या.

पण आवाजाचं पटलं. आणि कातडीचंही. यांचं अंग हल्ली घामेजलेलं असतं. मोठ्या आतड्याची नि फुफ्फुसाची जोडी असते, हेही त्यांनी सांगितलं, म्हणून घरी येऊन यांना इसबगोल दिलं. मुकाट्याने घेतलं. हल्ली सगळं मुकाट्यानेच.

लिऊबाई म्हणाल्या, घेऊन ये त्यांना, नाडी बघते. यांना विचारलं तर म्हणाले, मला चिनी-बिनी काही नको.

एक मात्र बरं झालंय. आपले रुमाल नि बनियन हे स्वतःच धुतात, गरम पाण्यात, वेगळे. तीस वर्षं मी सांगत होते. या वयात अक्कल आली म्हणायची.

१५ सप्टेंबर, रविवार

उर्वी, जावई परीक्षित आणि नात अन्वी आले होते. स्टॅनमोरहून यायला तासभर लागतो, पोरगी गाडीत रडून लाल झालेली. आठ महिन्यांची आहे, आता माणसं ओळखते. आणि यांनी काय करावं? त्यांची गाडी दारात थांबायला नि हे मागच्या शेडमध्ये जायला एकच गाठ. लॉनमोअर दुरुस्त करतात म्हणे. सप्टेंबरात. जेवायलाही आपलं ताट घेऊन बाहेर, बागेतल्या खुर्चीवर. अन्वीला काचेतून हात हलवला, झालं आजोबापण.

उर्वी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. तिची मराठी इथलीच. म्हणाली, "आई, बाबाला अन्वी आवडत नाही का? माझा काय चुकला? He doesn't even hold her."

मी म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही. तुझ्या बापाच्या फुफ्फुसात दुःख आहे."

"हे कोण सांगितला?"

"लिऊबाईंनी."

"आई, please. त्याला प्रॉपर डॉक्टर दाखव."

"दाखवलंय. काही नाही म्हणाले."

परीक्षित बँकेत आहे, कमी बोलतो. तो एवढंच म्हणाला, "आई, बाबा खूप बारीक झालेत." मी म्हटलं, तूही हो जरा.

ते गेल्यावर मी यांना धुऊन काढलं. म्हटलं, दगड आहात तुम्ही. पोरीचा जीव तुटतो. हे शेडच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "लांबूनच बरंय, नंदा." काय बरंय? कुणाला बरंय?

१९ सप्टेंबर, गुरुवार

पांढरं ते फुफ्फुसाचं, म्हणून लिऊबाईंनी नासपती सांगितली होती. खडीसाखर घालून वाफवली. यांनी दोन चमचे खाल्ली आणि वाटी सरकवली. आणखी चार दिवसांनी खायचंच सोडतील, म्हटलं. तर म्हणे भूक नाही. भात नको, आमटी नको. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडत होते मघाशी. माझ्या स्वयंपाकावर रुसून कुणाचं भलं झालंय?

कालपासून पितृपक्ष लागला. आणि मला सुचलं. भाऊजींना मुलगा नाही, एकटी ईशानी, तीही लग्न होऊन गेली. विट्याला त्यांचं करतं कोण? गल्लीतल्या कुणाला तरी बसवतात. सख्ख्या भावाने कधी पिंड ठेवला नाही, पाणी सोडलं नाही. म्हणून ते आत अडकलंय. यांनी स्वतःच्या हाताने भावाचं श्राद्ध केलं, की बांध फुटेल. रडतील. आणि रडले की प्रधान उठून कामाला लागेल.

तिथी मधल्या वारी येते, पण इथे देवांनाही रविवारी यावं लागतं, पितरांचं काय घेऊन बसलात.

यांना सांगितलं. म्हणाले, "करू. पण आपण दोघंच."

मी म्हटलं, श्राद्ध काय चोरून करतात?

२४ सप्टेंबर, मंगळवार

लिऊबाईंना बेत सांगितला. त्यांच्याकडेही असंच असतं, कबरी झाडायला जातात, जेवण ठेवतात. रडणं चांगलं, म्हणाल्या, फुफ्फुस मोकळं होतं. पण मग हातातलं काम ठेवून विचारायला लागल्या. बारीक झालेत का? म्हटलं, वय झालं. घाम येतो का झोपेत? म्हटलं, डुवे, म्हणजे ती इथली रजई, जाड आहे. दुपारी गाल लाल होतात का? ते मी कशाला बघत बसू, दुपारी ते कामावर असतात. थुंकीत काही? काही नाही, म्हटलं, कोरडा खोकला आहे, दुःखाचा.

त्या म्हणाल्या, "तू सगळं आधीच ठरवलंयस. माणूस आण."

आणते म्हटलं, श्राद्ध झाल्यावर.

२९ सप्टेंबर, रविवार

पहिल्यापासून लिहिते, म्हणजे कुणाचं चुकलं ते कळेल.

पहाटेपासून खपले. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा, सगळं. धुराचा अलार्म काढून कपाटात ठेवला. सांगलीचे गुरुजी आयपॅडवर. पुढच्या खोलीत सोफा भिंतीला लावून जागा केली. उर्वी, परीक्षित, अन्वी वेळेवर आले. बाहेर धो धो पाऊस नि गार वारा, म्हणून खिडक्या बंद केल्या. हे सोवळं नेसून आले आणि पहिलं काम काय केलं, तर खिडकी उघडली. मी लावली. गुरुजींनी आचमन सांगितलं, यांनी उठून परत उघडली. म्हटलं, अहो, पोरीला सर्दी होईल. हे म्हणाले, मग तिला वर ने. म्हणजे भाऊजींच्या श्राद्धाला एकुलती नात वरच्या खोलीत. मी खिडकी लावली आणि तिच्या कुलपाची किल्ली फिरवून कमरेला खोचली.

यांनी पिंड ठेवला. गुरुजींनी नाव घ्यायला सांगितलं. "अर्जुन" म्हणाले आणि पुढे आवाजच फुटेना. मला वाटलं, आलं. आता येईल. पण नाही. तोंडावर उपरणं दाबून खोकले, पाठ वाकेपर्यंत, आणि परत कोरडे.

आणखी एक धक्का लागला तर फुटेल, असं मला वाटलं. ब्राह्मणाचं पान वाढून झालं होतं. मी उर्वीच्या कडेवरून अन्वीला घेतलं आणि यांच्यापुढे उभी राहिले.

"घ्या. भाऊजी असते तर नाचवली असती."

"नंदा, नको."

"नको काय? आठ महिन्यांची पोर आहे, चावणार आहे का तुम्हाला?"

"नको म्हणतो ना."

"जावयासमोर तमाशा करू नका. घ्या."

आणि ठेवली मांडीवर. पोरगी हसली, यांच्या जानव्याला धरलं. यांनी तिला दोन्ही हातांनी लांब धरलं, मान पार खिडकीकडे फिरवली आणि श्वासच कोंडून धरला. विहिरीत बुडी मारतात तसा. मानेच्या शिरा वर आल्या. मी म्हणत होते, बघा तरी तिच्याकडे. बघितलं नाही. मग तो श्वास फुटला, आपल्याच खांद्यात तोंड खुपसून खोकले, पोर घाबरून किंचाळली, यांनी तिला परीक्षितच्या हातात जवळजवळ टाकलं आणि बाथरूममध्ये गेले. नळ कितीतरी वेळ चालू होता.

उर्वीने डायपरची बॅग भरली. म्हणाली, "He was disgusted, आई. मी बघितला." वाढलेलं पानही तिने खाल्लं नाही.

हे बाहेर आले तेव्हा गाडी गेली होती. मी म्हटलं, मिळालं समाधान? सख्ख्या नातीची किळस येते तुम्हाला. हे जिन्यावर बसले. रडले मात्र नाहीत.

३० सप्टेंबर, सोमवार

बोलणं बंद आहे. माझंच. त्यांचं कधी चालू होतं?

३ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

काल यांना सांगितलं, लिऊबाईंकडे येत नसाल तर उर्वीला मी तोंड दाखवणार नाही, तुम्ही खुशाल राहा शेडमध्ये. यांनी विचारलं, "त्या कुठे कळवत नाहीत ना? कागदबिगद?" म्हटलं, त्या सुया टोचतात, पोलीस नाहीत. मग आज आले. आज घट बसले, मी उपाशी.

लिऊबाईंनी आधी काही विचारलंच नाही. समोर बसवलं, चेहरा बघितला. जीभ बघितली. तीन बोटं मनगटावर ठेवली आणि डोळे मिटले. मग दुसरं मनगट. मी सांगायला लागले, भाऊ गेल्यापासून... तर त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला. गप्प.

यांना हळू विचारलं, "रात्री कपडे भिजतात?"

"हो."

"ताप संध्याकाळी?"

"हो."

"रक्त?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, रक्त कुठलं, कोरडा...

"हो," हे म्हणाले. "जुलैपासून."

लिऊबाईंनी मनगट हळूच सोडलं. उठून खिडकी उघडली, मागचं दार उघडलं, खणातून मास्क काढले, यांना एक, मला एक, स्वतःला एक. मग त्या माझ्याशी बोलल्या, आणि आजवर माझ्याशी असं त्या कधी बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, आमच्या जुन्या ग्रंथांत हे वेगळं लिहिलंय. दुःख एक. आणि छातीतला किडा एक. किडा एका घरात एकापासून दुसऱ्याला जातो. दुःख असेल यांना, पण हा खोकला दुःखाचा नाही. मी एक पुडीसुद्धा देणार नाही. आता, इथूनच, हॉस्पिटल.

मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात फुफ्फुसात दुःख.

त्या म्हणाल्या, "म्हणाले. न बघितलेल्या माणसाबद्दल बोलले. ती माझी चूक. चला."

त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि स्वतःच्या गाडीत काचा खाली करून आम्हाला नेलं. हे मागे बसले होते. वाटेत एकदा म्हणाले, "नंदा, किल्ली घरी राहिली का?" मला कळेना कुठली किल्ली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

टीबी.

एक्स-रेमध्ये उजवीकडे वर पांढरा डाग आणि त्यात भोक. डॉक्टरांनी दाखवला. यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय, आत जाताना मास्क. थुंकीत जंतू दिसले, म्हणजे पसरणारा आहे.

टीबीची नर्स आली. हसरी, पण सोडणारी नाही. विचारलं, घरात कुणाला होता? मी म्हटलं, आमच्यात कुणाला नाही. चांगलं घराणं आहे. माझ्या लहानपणी गल्लीत एका बाईला झाला होता, तिला गोठ्यात ठेवायचे, ताट लांबून सरकवायचे, तिच्या बहिणींची लग्नं झाली नाहीत. असलं काही आमच्यात नाही.

हे खाटेवरून म्हणाले, "माझ्या भावाला होता."

मी वळून बघितलं. म्हटलं, भाऊजींना मागाची धूळ...

"टीबी होता, नंदा. औषधं अर्धी घेतली, सोडली. ईशानीचं लग्न ठरत होतं, म्हणून वहिनींनी कुणाला कळू दिलं नाही. मला शपथ घातली."

म्हणजे यांना माहीत होतं. उन्हाळ्यापासून माहीत होतं. रुमाल वेगळे, ताट वेगळं, शेड, खिडकी, तिची ती किल्ली. जीपीकडे गेलेच नव्हते. आणि मी काय काय म्हणाले ते आठवायला लागले, तर नर्सने पुढचा प्रश्न विचारला.

"घरात कोण कोण येतं? लहान मूल आहे का?"

हे भिंतीकडे बघायला लागले. मी सांगितलं. आठ महिने. रविवारी. बंद खोलीत. मांडीवर.

"कुणी ठेवलं?" असं नर्सने विचारलं नाही. तरी मी सांगितलं. मी ठेवलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

नर्स उर्वीला कळवणारच होती, पण मी म्हटलं आधी मी. फोन लावला. मला आडून सांगता येत नाही. म्हटलं, उर्वी, बाबांना टीबी आहे, अन्वीला लगेच तपासायचंय.

ती म्हणाली, "म्हणून तो तिला घेत नव्हता."

"हो."

"तो तिला save करत होता. आणि तू तिला उचलून त्याच्यावर ठेवली."

"हो."

"तो नको म्हणत होता, आई. किती वेळा तो नको म्हणाला?"

मी मोजलं नव्हतं. पलीकडे अन्वी काहीतरी बडबडत होती, बा बा बा. मग परीक्षितने फोन घेतला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, आई, आम्ही थोडे दिवस फोन करणार नाही. मी म्हटलं, यांनी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, हो, त्यांनीही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

हे घरी आलेत. चार प्रकारच्या गोळ्या, उपाशीपोटी, लघवी केशरी होते. नर्स म्हणाली, दोन आठवडे गोळ्या झाल्या की पसरत नाही. खोकला जरा कमी आहे. आज अर्धी भाकरी खाल्ली.

अन्वीचा एक्स-रे स्वच्छ आला. हातावर टोचून बघतात, तेही ठीक. पण नर्स म्हणते, इतक्यात कळत नाही, लहान बाळांना एकदम मेंदूत जाऊ शकतो, म्हणून औषध चालूच ठेवायचं आणि सहा आठवड्यांनी परत टोचून बघायचं. रोज सकाळी त्या एवढ्याशा पोरीला औषध पाजायचं. लिव्हरवर परिणाम होतो का तेही बघतात. हे सगळं मला नर्सकडून कळतं. उर्वीकडून नाही.

माझंही रक्त तपासलं. काही निघालं नाही. निघालं असतं तर बरं वाटलं असतं.

लिऊबाईंकडे परत जायला लागले. त्यांचीही तपासणी झाली, ठीक आहेत. मी चित्राखाली पुसत नाही, बाजूने पुसते. आज त्या म्हणाल्या, पूस, चित्राने काही केलेलं नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. शेजाऱ्यांची उर्वीएवढी मुलगी फराळ घेऊन आली, मी दारातच घेतला. आमच्याकडे कुणी नाही.

विट्याला सुप्रभावहिनींना फोन केला. दिवाळीच्या दिवशी नको होता करायला, पण माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, वहिनी, यांना भाऊजींचाच टीबी झालाय, ईशानीला तपासून घ्या, तुम्हीही जा. त्या म्हणाल्या, हळू बोल, सासरची माणसं आलीत. म्हटलं, मग त्यांनाही तपासा. त्या म्हणाल्या, "नंदा, तू तिकडे बसून बोलतेस. इथे मुलगी उजवायची होती मला. तू काय केलं असतंस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उर्वीचं लग्न ठरत असताना परीक्षितच्या घरच्यांनी विचारलं होतं, घराण्यात काही आजार? मी म्हटलं होतं, काही नाही, दणकट आहोत सगळे. तेव्हा खरंच काही नव्हतं. पण असतं, तरी मी तेच म्हटलं असतं.

वहिनींना म्हटलं, सोमवारी सरकारी दवाखान्यात जा, फुकट आहे. नाही गेलात तर मी ईशानीला स्वतः सांगेन. त्यांनी फोन ठेवला. गुरुवारपर्यंत वाट बघते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

वहिनी गेल्या. ईशानीही. दोघींचा एक्स-रे चांगला आहे. हे मला ईशानीने सांगितलं, वहिनी बोलत नाहीत माझ्याशी. न बोलणाऱ्यांची संख्या वाढते आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज अन्वीला परत टोचणार होते. दोन दिवसांनी बघतात, सूज आली तर गेलं आत.

लिऊबाईंकडे एकच खोली दोनदा पुसली. हे घरात फेऱ्या मारतात. एकमेकांना धडकलो पॅसेजमध्ये. 

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन यांच्या मोबाइलवर आला. माझ्या नाही. हे जेवणाच्या टेबलापाशी उभे होते. "हो. हो बेटा. हो." एवढंच. मी समोर, हातात लाटणं. तोंडाकडे बघून काही कळेना, या माणसाच्या तोंडावरून मला कधीच काही कळलं नाही.

फोन ठेवून म्हणाले, "सूज नाही. काही नाही तिला. औषध थांबवणार."

मी पोळी तव्यावर टाकली. जळली. दुसरी टाकली.

"माझ्यासाठी काही म्हणाली?"

"म्हणाली, आईला सांग."

बास. तेवढं पुष्कळ आहे. आज तेवढं पुष्कळ आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

हे आज बागेतली पानं गोळा करत होते. थकले, म्हणून मागच्या पायरीवर बसले. मी चहा नेला. माझाही नेला, शेजारी बसले. पायरी गार होती.

तीस वर्षांत मी या माणसाला शेकडो गोष्टी सांगितल्या. विचारलं किती, आठवत नाही. विचारते ती भांडायला. आज विचारलं, "तिकडे काय झालं होतं? विट्याला?"

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. माझ्या जिभेवर चार वाक्यं आली, सगळी गिळली.

मग म्हणाले, "दादा रोज म्हणायचा, पुरू, बाहेर ओसरीवर झोप. गादी बाहेर टाकायला लावायचा. त्याला झोप लागली की मी परत आत ओढून आणायचो. सकाळी उठून शिव्या द्यायचा. श्वास पुरायचा नाही, तरी शिव्या पुऱ्या द्यायचा." थोडं हसले. "मी ऐकलं नाही त्याचं."

मी म्हटलं, हं.

"तो हात धरून झोपायचा. एवढा मोठा माणूस."

चहा निवला. मी गप्प बसले. मला फार वेळ जमत नाही, पण बसले. मग राहवेना, विचारलंच, "मला का नाही सांगितलंत? एकाच घरात राहतो आपण."

त्यांनी कप बाजूला ठेवला. म्हणाले, "तुला सांगितलं असतं, तर तू एकतर साऱ्या स्लाऊला सांगितलं असतंस, नाहीतर कुणालाच सांगू दिलं नसतंस. दोन्हींतलं काय करशील ते मला ठरवता येईना."

मी विचार केला. नीट केला, पायरीवर बसून. मलाही ठरवता आलं नाही.

म्हणून भांडले नाही.